बॅझेटचे सूत्र : सोयीचे की खरे?

ईसीजीच्या कागदावर वरच्या बाजूला यंत्राने छापलेले काही आकडे असतात. त्यांपैकी एक ‘क्यूटीसी’. हृदयाची लय अचानक बिघडण्याचा धोका आहे का, हे ठरवताना डॉक्टर हा आकडा पाहतात. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याचा या आकड्यावर काय परिणाम होतो, हेही तपासले जाते. अनेक यंत्रे हा आकडा आजही १९२० सालच्या एका सूत्राने काढतात. ते सूत्र कितपत भरवशाचे आहे, हे शालेय गणिताच्या आधारे पाहण्यासारखे आहे.

प्रथम मापन समजून घेऊ. ईसीजीतील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आइंथोवेन यांनी दिली. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्यूच्या आरंभापासून टी लाट संपेपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी अंतर. एवढ्या वेळात निलयांच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) स्नायूंत विद्युत उत्तेजन पसरते आणि त्यांतील पेशी पुन्हा मूळ विद्युत स्थितीत येतात. पूर्वस्थितीला येण्याचे काम मुख्यतः पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर पडल्यामुळे होते. त्यात अडथळा आला, की क्यूटी लांबते आणि पिळलेल्या दोरीसारखी दिसणारी एक वेगवान, बेताल लय सुरू होण्याची शक्यता वाढते. फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी १९६६ साली तिला ‘तोर्साद द प्वांत’ हे नाव दिले. ही लय आपोआप थांबली नाही, तर मृत्यू ओढवू शकतो. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे, झोप न आणणारे औषध अमेरिकेत १९८५ पासून मिळत होते. एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनॅझोल यांच्यासोबत घेतल्यास त्याचे शरीरातील प्रमाण वाढून हाच धोका निर्माण होई. त्यामुळे १९९८ मध्ये ते तेथील बाजारातून गेले.

आता अडचण अशी, की नाडी जलद झाली की निरोगी माणसाचेही क्यूटी आखडते. मग दोन माणसांची तुलना कशी करायची? त्यासाठी ‘नाडी मिनिटाला ६० असती, तर क्यूटी किती असते?’ हे काढायचे. बॅझेट यांनी ३९ निरोगी व्यक्तींच्या नोंदींवरून असे मांडले, की क्यूटी हे दोन ठोक्यांमधील अंतराच्या (आरआर) वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. आज वापरतात ते ‘क्यूटी भागिले आरआरचे वर्गमूळ’ हे रूप १९४७ साली तारान आणि झिलागी यांनी दिले. गंमत म्हणजे १९२० मध्येच डेन्मार्कच्या फ्रिडेरिसिया यांनी ५० व्यक्तींच्या नोंदींवरून वर्गमुळाऐवजी घनमूळ सुचवले होते.

या निवडीने किती फरक पडतो? समजा, नाडी १०० आहे. म्हणजे आरआर ०.६ सेकंद. क्यूटी ३६० मिलिसेकंद आहे. बॅझेटप्रमाणे उत्तर येते ४६५, फ्रिडेरिसियाप्रमाणे ४२७. पुरुषांसाठी ४५० आणि स्त्रियांसाठी ४६० ही सामान्यपणाची वरची मर्यादा धरतात. म्हणजे एकाच कागदावरून एक सूत्र धोक्याची घंटा वाजवते, तर दुसरे ‘ठीक आहे’ म्हणते. उलट, नाडी ४८ (आरआर १.२५ सेकंद) आणि क्यूटी ५०० घ्या. बॅझेट ४४७ सांगतो, फ्रिडेरिसिया ४६४. येथे तो पुरुष बॅझेटच्या चाळणीतून निसटतो. अनेक लोकांच्या नोंदी तपासल्यावर असेच आढळले आहे, की बॅझेटचे सूत्र जलद नाडीला क्यूटीसी फुगवते आणि मंद नाडीला घटवते. म्हणून नाडी जलद करणारे निर्दोष औषधही या सूत्रामुळे दोषी दिसू शकते आणि नाडी मंद करणाऱ्या औषधाचा दोष झाकला जाऊ शकतो.

गणिताच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट खटकेल. सेकंदांना सेकंदांच्या वर्गमुळाने भागले, तर उत्तर सेकंदांत येत नाही. आरआरला आधी एका सेकंदाने भागले आहे, असे मनात धरावे लागते. यावरून लक्षात येते, की हा निसर्गनियम नव्हे. मोजमापांवर बसवलेली ती एक वक्ररेषा आहे.

त्यातही मूळ मापन कितपत अचूक? कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. टी लाटेचा शेवट पुष्कळदा हळूहळू रेषेत विरतो. तो अर्धा चौकोन इकडे की तिकडे, यावर तज्ज्ञांतही मतभेद होतात. असे असताना ‘४६५’ मधला शेवटचा ५ हा अचूकतेचा केवळ आभास आहे. औषधांच्या चाचण्यांसाठी २००५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सरासरी सुमारे ५ मिलिसेकंदांची वाढही लक्षणीय मानली आहे. एवढा बारीक फरक अनेक व्यक्तींच्या अनेक नोंदींच्या सरासरीतूनच कळू शकतो, एका कागदावरून नव्हे.

बॅझेटच्या बाजूनेही बोलले पाहिजे. वर्गमूळ हाताने काढणे सोपे, नाडी ६० च्या आसपास असेल तर दोन्ही सूत्रे जवळजवळ सारखेच उत्तर देतात, आणि कित्येक दशकांच्या नोंदी याच सूत्रात असल्याने जुन्याशी तुलना करता येते. परंतु संगणकाच्या काळात पहिले कारण उरत नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ मध्येच बॅझेटऐवजी सरळरेषीय सूत्रे वापरावीत, अशी शिफारस केली. तरीही यंत्रे तोच आकडा छापत राहिली.

सूत्र बदलले म्हणून सारा प्रश्न मिटत नाही. ॲमिओडॅरोन हे औषध क्यूटी बरेच लांबवते, पण त्याने ती पिळलेली लय क्वचितच सुरू होते. उलट, जन्मजात दोषाचा जीन असलेल्या काहींचे क्यूटीसी मर्यादेत असते. क्यूटीसी ही धोक्याची खूण आहे, धोका नव्हे. रुग्णाची औषधे, रक्तातील पोटॅशियम, पूर्वी आलेली बेशुद्धी, घरातील तरुण वयातले आकस्मिक मृत्यू यांच्या जोडीनेच तिला अर्थ येतो.

वर्गात विद्यार्थ्यांना वरील दोन उदाहरणे सोडवू द्यावीत आणि वर्गमूळ व घनमूळ यांचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगावेत. १ पाशी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि दोन्ही बाजूंना दूर जातात. बॅझेटचा वाद एवढ्याच दुराव्यात आहे. यंत्राने छापलेल्या आकड्याला ‘तू कोणत्या सूत्रातून आलास?’ असे विचारायची सवय त्यातून लागली, तर तो तास सत्कारणी लागला म्हणायचे.