मज्जा, आवरण आणि ‘गुण आला’
मज्जातंतूंच्या एका चिवट रोगाविषयीच्या आयुर्वेदीय लेखनाची तपासणी

दिवाळी अंकांच्या आरोग्यविभागात, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि दवाखान्याच्या बाकावर ठेवलेल्या पुस्तिकांत एक ठरावीक घडणीचा लेख पुन्हा पुन्हा भेटतो. आधुनिक वैद्यकाने हात टेकलेल्या एखाद्या रोगाचे नाव घ्यायचे, तो आपल्या ग्रंथांत पूर्वीच वर्णिलेला आहे असे दाखवायचे, मग वनौषधींची यादी द्यायची आणि शेवटी दोनचार रुग्णांना आलेला गुण सांगायचा. मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग या घडणीत अगदी चपखल बसतो, म्हणून या लेखात त्यावरच्या लेखनाची तपासणी करायची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात असा लेख वाचणारा माणूस पुष्कळदा त्यात वाट शोधत असतो. मेंदूविकाराच्या तज्ज्ञासाठी आणि विशेष तपासण्यांसाठी इथल्या अनेकांना घाट चढून कोल्हापूर नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागते. वैद्य मात्र गावात असतो, बोलायला वेळ देतो, आणि त्याने सांगितलेली गुळवेल घराच्या गडग्यावरच चढलेली असते. अशा वाचकाच्या हाती काय पडते हे तपासणे, हे विज्ञान शिकवणाऱ्यांचे काम आहे.

रोग कोणता?

मेंदू व मेरुरज्जूतील अनेक चेतातंतूंभोवती मायलिन नावाच्या मेदयुक्त पदार्थाचे आवरण असते. विजेच्या तारेवरच्या वेष्टनाची उपमा आपण वर्गात देतो. ती ढोबळ असली तरी उपयोगी आहे. असे आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने जातो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूतून सेकंदाला एखादा मीटर. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत दीड मीटर अंतर धरले, तर पहिल्या वेगाने सेकंदाचा सुमारे सत्तरावा भाग लागेल आणि दुसऱ्या वेगाने दीड सेकंद.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे संदेश मंदावतो किंवा अडतो. एका डोळ्याची दृष्टी अंधूक होणे, पाय जड पडणे, बधिरपणा, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे आहेत. रोग बहुधा तरुण वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. फ्रान्समध्ये शार्को यांनी १८६८ साली त्याचे व्यवस्थित वर्णन केले. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, पण मुंबईच्या पारशी समाजात त्याचे प्रमाण अधिक आहे, हे डॉ. नोशीर वाडिया यांच्या अभ्यासातून १९९० मध्ये पुढे आले.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गाजलेला गिया-बारे हाही प्रतिकारयंत्रणेने मज्जातंतूंवर केलेला हल्लाच. परंतु तो बहुधा एकदाच येतो आणि बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात. मल्टिपल स्क्लेरोसिस वर्षानुवर्षे सोबत राहतो. दोन्हींना ‘नसांचा आजार’ म्हणून एकाच पंक्तीत बसवणारा लेख पहिल्याच पायरीवर घसरतो.

एका शब्दाचे दोन अर्थ

या लेखांतला सर्वांत भारदस्त वाटणारा युक्तिवाद असा असतो : या रोगात मज्जातंतूंचे आवरण झिजते, म्हणजेच मज्जाधातूचा क्षय होतो, आयुर्वेदात मज्जाक्षयाचे आणि वाताच्या आवरणाचे वर्णन आहे, म्हणून हा रोग प्राचीनांना ठाऊक होता. वाचताना हे पटते, कारण शब्द सारखेच आहेत. पण ते कुठून आले ते पाहू.

आयुर्वेदातील मज्जा हा सात धातूंपैकी सहावा, म्हणजे हाडांच्या पोकळीत असणारा स्निग्ध पदार्थ. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरद्रव्यांची मापे दिली आहेत. तिथे मज्जा एक अंजली आणि मस्तिष्क अर्धी अंजली असे वेगवेगळे मोजलेले आहे. नव्या शरीरशास्त्राची पुस्तके मराठीत आली तेव्हा ‘नर्व्ह’ या कल्पनेसाठी शब्द हवा होता, आणि मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द रुळले. आज आपली पाठ्यपुस्तके चेतासंस्था आणि मेरुरज्जू म्हणतात. म्हणजे मज्जाधातू आणि मज्जातंतू यांचे नाते परिभाषा करणाऱ्यांनी जोडलेले आहे. हाच लेख ‘चेतातंतू’ हा शब्द वापरून लिहिला असता, तर युक्तिवाद उभाच राहिला नसता.

‘आवरण’ या शब्दाचे तसेच आहे. चरकाच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात, वातव्याधींच्या प्रकरणात, आवरण म्हणजे इतर दोषांनी किंवा धातूंनी वाताच्या गतीला केलेला अडथळा. तिथे आवरण असणे हाच बिघाड आहे. मायलिनच्या बाबतीत आवरण नसणे हा बिघाड आहे. दोन्ही कल्पना परस्परांच्या उलट आहेत. फक्त शब्द एक आहे.

याने चरकाचे मोठेपण उणे होत नाही. अर्धांग, कंप, बधिरता, पांगळेपणा ही लक्षणे त्या काळच्या वैद्यांनी बारकाईने पाहिली आणि नोंदली. या रोगाचे रुग्ण त्यांनी पाहिलेही असतील. पण सूक्ष्मदर्शकाशिवाय मायलिन दिसत नाही, आणि लक्षणांवरून केलेल्या वर्गात वेगवेगळ्या कारणांचे रोग एकत्र येतात. एवढे मान्य केले की ग्रंथांचा मानही राहतो आणि सत्यही.

प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

दुसरे हमखास विधान म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी रसायने घ्या’. गुळवेल, अश्वगंधा, आवळा, शतावरी ही नावे येतात. इथे विसंगती इतकी उघड आहे की दहावीच्या विद्यार्थ्यालाही ती सापडावी. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उठली आहे असे पहिल्या परिच्छेदात सांगायचे आणि चौथ्या परिच्छेदात तिला बळ द्यायला सांगायचे, हे कसे जमावे? आजची परिणामकारक औषधे नेमके उलट करतात. ती त्या यंत्रणेतील काही पेशींना आवरतात किंवा मेंदूपर्यंत जाण्यापासून रोखतात.

गुळवेलीचा प्रश्न केवळ तर्काचा नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर शिस्तीने संशोधन केले आणि ती प्रतिकारपेशींना उत्तेजित करते असे दाखवले. संसर्गाशी झुंजणाऱ्या दुबळ्या रुग्णाला असे उत्तेजन उपयोगी पडू शकेल. पुढे करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळले गेले, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इजेचे स्वरूप स्वप्रतिकारी रोगासारखे होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीची गल्लत झाली असावी असा मुद्दा मांडला. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही हेच चित्र दिसले. असंख्य लोकांनी काढा घेतला आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरे. पण ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच वाट चुकली आहे, त्याला ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे आहे.

गुण कशाने आला?

तिसरे विधान अनुभवाचे असते : ‘अमुक बाईंना चालता येत नव्हते, तीन महिन्यांत त्या चालू लागल्या.’ हे खोटे असेल असे मानण्याचे कारण नाही. हा रोग बहुसंख्य रुग्णांत झटक्यांनी येतो. लक्षणे वाढतात, काही आठवडे टिकतात आणि मग पूर्णतः किंवा अंशतः ओसरतात, कित्येकदा कोणतेही औषध न देता. रुग्ण वैद्याकडे जातो तो लक्षणे सर्वांत वाईट असताना. त्यानंतर जे काही दिले असेल, त्याला श्रेय मिळते.

ग्लाटिरामर या औषधाची चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २५१ रुग्ण होते आणि प्रत्येकाला आधीच्या दोन वर्षांत किमान दोन झटके येऊन गेले होते. ज्यांना निव्वळ लटके इंजेक्शन दिले, त्यांच्यापैकी २७ टक्के रुग्णांना पुढची दोन वर्षे एकही झटका आला नाही. त्या लटक्या इंजेक्शनच्या जागी काढा असता तर? शंभरातले सत्तावीस लोक त्या काढ्याची साक्ष देत गावोगाव फिरले असते. औषध घेणाऱ्यांचे झटके सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाले. हा फरक कळला तो केवळ दुसरा गट समोर होता म्हणून.

‘आयुर्वेदात प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून अशा चाचण्या करताच येत नाहीत’ हे उत्तर आता टिकत नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी संधिवातासारख्या स्वप्रतिकारी रोगात आयुर्वेदीय मिश्रणाची चाचणी १८२ रुग्णांवर केली, ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गट सुधारले, बहुतेक मोजमापांत निर्णायक फरक दिसला नाही, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे मांडले. पुढे कोइमतूर येथे ४३ संधिवातरुग्णांवर एक चाचणी झाली. तीत वैद्यांना प्रकृतीनुसार औषध निवडण्याची मोकळीक होती, तरीही कोणाला काय मिळते हे झाकून ठेवता आले. २०११ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र या तीन गटांत फारसा फरक दिसला नाही. रुग्ण थोडे होते, म्हणून यावरून ठाम निकाल देता येत नाही. पण अशी चाचणी करता येते, हे सिद्ध झाले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आयुर्वेदीय उपचाराने झटके कमी होतात असे दाखवणारी, या दर्जाची मोठी चाचणी मात्र पुढे आलेली नाही.

परंपरेतून औषध निघू शकते. आपल्या कोकणातल्या खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते हे १९३७ मध्येच भारतात दाखवले गेले, आणि कंपवातात त्या बियांचा उपयोग चाचण्यांनी तपासला गेला. मल्टिपल स्क्लेरोसिसचे फिंगोलिमॉड हे गोळीचे औषध तर कीटकांवर वाढणाऱ्या बुरशीतल्या एका द्रव्यापासून जपानी संशोधकांनी घडवले. ही बुरशी चिनी वैद्यकातील बुरशीच्या कुळातली आहे. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. परंपरेने दिशा दिली, आणि द्रव्य वेगळे करणे, मात्रा ठरवणे व चाचणी घेणे यांतून औषध हाती आले.

घ्यावे काय, टाळावे काय?

बरा न होणारा रोग घेऊन रोज जगायचे असते, आणि तिथे वैद्याचे काही सांगणे मोलाचे ठरते. ठरलेल्या वेळी झोप, हलका व्यायाम, बद्धकोष्ठ होऊ न देणे, ताठरलेल्या पायांना हलक्या हाताने तेल चोळणे यांनी आराम वाटतो. त्यासाठी रोग मुळापासून बरा होतो असा दावा करण्याची गरज नाही.

स्वेदनाबाबत मात्र इशारा द्यायलाच हवा, आणि तो या लेखांत क्वचितच असतो. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जाणे उष्णतेने आणखी अवघड होते. उथॉफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली, आणि एके काळी गरम पाण्यात बसवून या रोगाची परीक्षाही करत. वाफेच्या पेटीत बसवलेल्या रुग्णाला उठताना पाय साथ देत नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा परिणाम तात्पुरता असला तरी पडून हाड मोडले तर ते तात्पुरते नसते. वैशाखातल्या आपल्या दमट उकाड्यात अशा रुग्णाला गार पाणी आणि पंखा हेच पथ्य.

धातूंच्या भस्मांविषयीही सावध असावे. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिसे स्वतःच मज्जातंतूंचे विष आहे.

सर्वांत मोठा धोका चालू औषध सोडण्याचा आहे. प्रत्येक झटका थोडी कायमची हानी मागे ठेवू शकतो, आणि लवकर सुरू केलेले औषध ती कमी करते. ‘आधी ती औषधे बंद करा’ असे सांगणारा लेख वाचकाची पुढची वर्षे पणाला लावतो. आधार हवा असेल तर १९८५ पासून मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा समावेश आहे. शाळेतील एखाद्या सहकाऱ्यासाठी किंवा पालकासाठी ही माहिती काढ्याच्या कृतीपेक्षा उपयोगाची ठरेल.

वर्गात करून पाहण्यासारखे एक काम आहे. कोणत्याही रोगावरचा असा एक लेख घ्यावा आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत. यातला मुख्य शब्द दोन अर्थांनी वापरला आहे काय? उपाय सांगितलेल्या कारणाशी जुळतो काय? औषध न घेतलेल्यांचे काय झाले? अपाय कोणाला होऊ शकतो, हे सांगितले आहे काय? हे प्रश्न आयुर्वेदाच्या लेखाला विचारावेत, तसेच एखाद्या नव्या कॅप्सूलच्या जाहिरातीलाही विचारावेत. जे या चारांतून पार पडेल, ते कोणत्याही परंपरेचे असो, आपलेच मानावे.