‘द गोल’ : उत्पादन व्यवस्थापनाच्या कादंबरीचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
उत्पादन व्यवस्थापनाच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत उत्पादकता म्हणजे उत्पादन आणि त्यासाठी वापरलेली साधने यांचे गुणोत्तर, अशी व्याख्या दिली जाते. त्यातून प्रत्येक यंत्र व प्रत्येक कामगार सतत कामात असला की कारखाना कार्यक्षम ठरतो, असा समज दृढ होतो. एलियाहू गोल्डरॅट व जेफ कॉक्स यांची १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द गोल’ ही इंग्रजी कादंबरी नेमका हाच समज खोडून काढते. ही शिकवण सेवा व्यवसायास कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीचे प्रतिपादन :
तोट्यातील कारखाना सावरण्यासाठी नायक ॲलेक्स रोगो याला तीन महिन्यांची मुदत मिळते. त्याचे जुने प्राध्यापक जोना उत्तरे देत नाहीत. ते प्रश्न विचारतात. नव्या यंत्रमानवांमुळे विक्री वाढली काय? साठा घटला काय? खर्च कमी झाला काय? या प्रश्नांतून एका विभागाची कार्यक्षमता म्हणजे संपूर्ण कारखान्याची कार्यक्षमता नव्हे, हे स्पष्ट होते.

हाच विचार बालवीरांच्या पदभ्रमणाच्या प्रसंगात सर्वाधिक प्रभावीपणे येतो. सर्वांत हळू चालणारा हर्बी संपूर्ण पथकाचा वेग ठरवतो. त्याला पुढे ठेवल्यावर रांग तुटत नाही आणि त्याच्या पिशवीतील ओझे इतरांनी वाटून घेतल्यावर सर्वांचाच वेग वाढतो. कारखान्यात एनसीएक्स-१० हे यंत्र व उष्णता-प्रक्रियेच्या भट्ट्या हर्बीच्या जागी आहेत. त्या थांबू नयेत म्हणून अन्य विभागांनी प्रसंगी रिकामे राहणेही योग्य ठरते.

मर्यादा :
कलाकृती म्हणून कादंबरी दुबळी आहे. अनेक पात्रे सिद्धान्ताला मान्यता देण्यापुरती वावरतात आणि नायकाच्या वैवाहिक ताणाचे निराकरणही फार सहज होते. तथापि अधिक गंभीर मर्यादा वैचारिक आहे. कारखान्यातील मुख्य अडथळे यंत्रांशी निगडित असल्याने त्यांच्यापुढे मालाचा साठा ठेवणे हा निर्दोष उपाय वाटतो. सेवा व्यवसायात मात्र अडथळ्याच्या ठिकाणी बहुधा माणूस असतो आणि त्याच्यापुढे साठून राहतो तोही माणूसच. डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात सर्व रुग्णांना सकाळी एकाच वेळी बोलावले, तर कादंबरीतील नियम तंतोतंत पाळला जातो. परंतु त्याची किंमत बाकावर ताटकळणारा आजारी माणूस मोजतो. ताळेबंदात साठ्याची नोंद होते, या प्रतीक्षेची होत नाही.

निष्कर्ष :
सेवा साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेथे रांग लांबवण्यापेक्षा ओझे वाटून घेणे हाच खरा उपाय ठरतो. नोंदणी, वजन, रक्तदाब यांसारखी कामे इतर कर्मचाऱ्यांनी केल्यास आणि रुग्णांना टप्प्याटप्प्याने वेळा दिल्यास डॉक्टरांचा वेळ वाचतो व रुग्णाचाही. हे सूत्र कादंबरीबाहेरचे नाही. ते हर्बीच्या पिशवीतच आहे. संथ असणे हा त्या मुलाचा दोष नव्हता, त्याच्या पाठीवर काय लादले आहे हे आधी कोणी पाहिले नव्हते. म्हणूनच वर्गात ‘द गोल’ शिकवताना एनसीएक्स-१० यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व हर्बीला मिळणे आवश्यक आहे.