नामाचे क्रियापद : ‘किंग लिअर’मधील दोन शब्द

इंग्रजीत नामच क्रियापद म्हणून योजण्याची जी मोकळीक आढळते, ती शेक्सपिअरचे कविस्वातंत्र्य म्हणून वाखाणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा होय. जुन्या इंग्रजीत प्रेमवाचक नाम ‘लुफु’ व क्रियापद ‘लुफिअन’ असे प्रत्ययभेदाने वेगळे होते. प्रत्यय झिजले आणि ‘लव्ह’ हे एकच रूप दोहोंसाठी उरले. वाट भाषेनेच मोकळी केली होती. कवीचे कर्तृत्व पाहावयाचे ते अन्यत्र.

तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात एडगर ‘चाइल्ड’ व ‘फादर’ या नामांपासून धातुसाधिते करून लिअरचे व आपले दुःख समोरासमोर ठेवतो. (हे भाषण १६०८ च्या क्वार्टो प्रतीत आहे, १६२३ च्या फोलिओत ते गळले, हे नवलच.) ‘फादर’ हे क्रियापद एरवी जन्म देणे या अर्थी रूढ, येथे त्याचा रोख उलटतो. अपत्य असणे, पिता असणे ही नाती माणसावर ओढवलेल्या आपत्तीसारखी भासू लागतात.

मराठीत ‘लाज’वरून ‘लाजणे’ होते. ‘बाप’वरून क्रियापद होत नाही. भाषांतरकार ‘त्याला जशी अपत्ये, तसा मला बाप’ असे म्हणेल. वाक्य सुटसुटीत होईल, परंतु ज्यात आघात होता ते क्रियापद मात्र त्यातून जाईल.