द्वि-सक्रिय-सेतू रूपांतरक : अल्प भाराचा प्रश्न

विजेच्या मोटारीतील घटमालेला वीज पुरविणे आणि प्रसंगी तीच वीज घराला परत देणे, ही दोन्ही कामे एकाच उपकरणाने करावयाची तर विद्युत् विलगन राखणारा द्विदिश रूपांतरक लागतो. या विषयावरील बऱ्याचशा लेखनाचे मूळ द डॉन्कर, दिवाण व खेरालुवाला यांच्या १९९१ च्या निबंधात आहे. दोन स्विच-सेतू, मध्ये उच्च कंप्रतेचे रोहित्र आणि दोन्ही तरंगांतील कलांतर, एवढ्यावर शक्तीची दिशा व राशी ठरते. रोहित्राची गळती-प्रेरकता, जी अन्यत्र दोष मानली जाते, तिलाच येथे कामास जुंपले आहे. कल्पनेची ही काटकसर आजही कौतुकास्पद वाटते.

परंतु पुढील लेखनापैकी पुष्कळसे सोयीच्या बाजूवरच रेंगाळले आहे. दोन्ही बाजूंच्या दाबांचे गुणोत्तर (रोहित्राच्या वेढ्यांचे प्रमाण धरून) १ असेल, तर स्विच शून्य दाबावर चालू होतात व हानी अल्प राहते. घटमाला हे गुणोत्तर टिकू देत नाही. एकसरीतील ९६ लिथियम-आयन घटांचा दाब प्रत्येकी ४.२ व्होल्टला सुमारे ४०३, तर ३ व्होल्टला २८८ भरतो. रचना ४०० व्होल्टांस अनुरूप असून दाब ३०० वर आला, की गुणोत्तर ०.७५ होते, आणि साध्या कलांतर-नियंत्रणात २२.५ अंशांखाली घटमालेकडील सेतू हा लाभ गमावतो. शक्ती ही कलांतर आणि १८० अंशांतून ते वजा जाता उरणारी बाकी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून पूर्ण भार ३० अंशांवर योजला असता २२.५ गुणिले १५७.५ भागिले ३० गुणिले १५०, म्हणजे सुमारे ७९ टक्के, ही सीमा ठरते. त्याखालील प्रत्येक भारास हानी सोसावी लागते.

आता नवीन जालन्यातील एखादे घर घ्यावे. वीज गेल्यावर मोटार चार पंखे व दिवे चालविणार. प्रत्येक पंख्याचे ७५ वॅट धरले तरी एकूण भार अर्ध्या किलोवॅटच्या आतच राहतो. २३० व्होल्ट व ३२ अँपिअरच्या, म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅटच्या रूपांतरकास हा ७ टक्क्यांहूनही कमी भार होय. घटमाला रिकामी होत जाते तसतसे गुणोत्तरही बिघडत जाते. अशा उपकरणाची थोरवी पूर्ण भाराच्या कार्यक्षमतेवरून सांगणे अप्रस्तुत आहे. कुंडलिकेच्या या शहरातील पोलाद-कारखान्यांच्या प्रवर्तन-भट्ट्यांना तो निकष शोभतो. वितळणीच्या काळात त्यांचे रूपांतरक भरपूर भारावरच चालतात.

उपायांची चर्चाही बहुधा रूपांतरकापुरतीच राहते. तिहेरी कलांतराचे नियंत्रण सीमा विस्तारते, पण गणित व नियंत्रण दोन्ही जड करते. जाळ्याकडील दुवा-दाब घटमालेमागोमाग उतरविणे अधिक सरळ; मात्र २३० व्होल्टचे शिखरमूल्य ३२५ असून पुरवठा ६ टक्के चढल्यास ते ३४५ होते, त्यामुळे ३५० च्या खाली जाता येत नाही. तेवढ्यानेही गुणोत्तर ०.८६ होऊन ७९ टक्क्यांची सीमा सुमारे ४८ वर येते. उरलेल्या अंतरासाठी अनुनादी रचना अथवा अल्प भारास थांबून-थांबून चालविण्याची रीत यांचा विचार करावा लागेल. दुसऱ्या रीतीत घराच्या बाजूच्या धारित्रांचे आकारमान किती वाढते, हे मोजूनच तिच्याविषयी बोलणे बरे.