एक-तृतीयांशाचा हिशेब

न्यूट्रिनोविषयीच्या लेखांत 'भूतकण' हा शब्द हमखास भेटतो. सूर्याकडून आलेले सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर जागेतून आरपार जातात, हे वाचून विद्यार्थी थक्क होतात. पण 'मग ते मोजले कसे?' असे एखाद्याने विचारले, तर भूत मदतीला येत नाही. म्हणून रेमंड डेव्हिस यांच्या प्रयोगाकडे आपण जरा चिकित्सकपणे पाहू.

डेव्हिस शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात होमस्टेक ही सोन्याची खाण होती. तिच्यात सुमारे दीड किलोमीटर खोल त्यांनी टाकी बसवली आणि तीत ३ लाख ८० हजार लीटर परक्लोरोएथिलीन, म्हणजे कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगचा द्रव, भरला. क्वचित एखादा न्यूट्रिनो क्लोरीन-३७ च्या अणुकेंद्रात शोषला जातो आणि किरणोत्सारी आर्गॉन-३७ तयार होतो. एका अणूच्या बाबतीत ही शक्यता नगण्य, म्हणून अणूच प्रचंड संख्येने घ्यायचे! खोली हवी ती विश्वकिरणांचा उपद्रव टाळण्यासाठी. याच कारणाने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोलारची खाण निवडली होती. तेथे १९६५ मध्ये वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या.

डेव्हिस यांचे खरे कसब पुढच्या पायरीत दिसते. काही आठवड्यांनी द्रवातून हेलियम खेळवायचा, त्याबरोबर बाहेर आलेला आर्गॉन द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या कोळशात पकडायचा आणि छोट्याशा काउंटरमध्ये त्याचे विघटन मोजायचे. आर्गॉन-३७ चे अर्धायुष्य ३५ दिवसांचे असल्याने दिरंगाई चालत नसे. टाकीतला सगळा आर्गॉन बाहेर आला की नाही, हे कसे कळणार? त्यासाठी प्रत्येक वेळी मोजून स्थिर आर्गॉन टाकीत मिसळला जाई आणि त्यातला किती परत मिळाला हे तपासले जाई.

१९६८ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जॉन बाकॉल यांच्या गणितापेक्षा न्यूट्रिनो बरेच कमी होते. पुढे १९९४ पर्यंत मोजणी चालली. अपेक्षा रोज सुमारे दीड अणूची, मिळकत रोज जेमतेम अर्ध्या अणूची, म्हणजे एक-तृतीयांश. कोणी प्रयोगावर शंका घेतली, कोणी सूर्याच्या गणितावर.

या शंका अनाठायी नव्हत्या, हे आपण मान्य केले पाहिजे. ही टाकी न्यूट्रिनोची दिशा सांगत नव्हती, येण्याची वेळही सांगत नव्हती. सूर्यातून येणाऱ्या बहुसंख्य न्यूट्रिनोंची ऊर्जा इतकी कमी असते, की क्लोरीनला ते जाणवतच नाहीत. टाकीला दिसत होते ते मुख्यतः बोरॉन-८ पासून निघणारे थोडेसे न्यूट्रिनो, आणि त्यांची संख्या सूर्यकेंद्राच्या तापमानावर फार अवलंबून असते. हे तापमान काही टक्क्यांनी कमी धरले, तरी कोडे सुटल्यासारखे वाटले असते.

म्हणून 'न्यूट्रिनो रूप बदलतात हे डेव्हिस यांनी सिद्ध केले' असे लिहिणे आम्हाला चुकीचे वाटते. रूपबदलाची कल्पना ब्रूनो पाँटेकॉर्व्हो यांची होती. निर्णायक पुरावा २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी येथे मिळाला. तेथे एक हजार टन जड पाण्याच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो वेगळे मोजले आणि तिन्ही प्रकारांची एकूण संख्याही मोजली. एकूण संख्या गणिताशी जुळली. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो मात्र एक-तृतीयांशच होते. क्लोरीनला फक्त हाच प्रकार कळतो. बाकॉल यांचे गणित बरोबर होते आणि डेव्हिस यांची मोजणीही! २००२ मध्ये डेव्हिस नोबेलचे मानकरी ठरले.

डेव्हिस यांचे श्रेय अर्थ लावण्यात नाही, आकडा न बदलण्यात आहे. आपल्या प्रयोगशाळेत काय घडते? लंबकाच्या प्रयोगात g चे मूल्य ९.८ येईना, की विद्यार्थी वहीतली निरीक्षणे हळूच 'दुरुस्त' करतो, आणि आपणही पूर्ण गुण देऊन मोकळे होतो. त्याचे ८.९ चुकीचेही असेल. पण चूक दोऱ्याच्या लांबीत आहे की घड्याळात, हे शोधण्याची संधी त्या खाडाखोडीत हरवते. पुढच्या प्रात्यक्षिकात न जुळणारा आकडा वहीत तसाच राहू द्या आणि तो का आला, यासाठी गुण ठेवा.