गाडीचे दात कसे मोजावेत?

झांडफोर्टच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये २०१२ साली 'हिस्टॉरिक ग्रां प्री' हा जुन्या शर्यतगाड्यांचा मेळावा सुरू झाला. मेळाव्याला जाणाऱ्याच्या हाती एक कार्यक्रमपत्रिका पडते. किती वाजता कोणत्या गटाची शर्यत, इतकेच तिच्यात असते आणि बहुतेक जण ती वेळापत्रक म्हणूनच वाचतात. मला मात्र ती नेहमी एखाद्या निवडक-संग्रहासारखी वाटते. कोणाला आत घेतले, कोणाला वगळले आणि का, हा प्रश्न जसा आपण कवितासंग्रहाच्या संपादकाला विचारतो, तसाच तो या पत्रिकेच्या कर्त्यांनाही विचारायला हवा. या लेखात तेवढेच करायचे आहे.

प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. झांडफोर्टची मुख्य ग्रां प्री १९८५ नंतर बंद पडली होती, ती २०२१ मध्ये परत आली आणि आपल्यातल्या अनेक घरांतली मुले नारिंगी टोप्या घालून टीव्हीसमोर बसू लागली. पण २०२६ ची शर्यत ही इथली शेवटची, असे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. म्हणजे यापुढे या जागेची आठवण सांगण्याचे काम मुख्यतः जुन्या गाड्यांच्या मेळाव्याकडे येणार. आठवण सांगणाराच जर निवडक सांगू लागला, तर पुढच्या पिढीला तेवढेच खरे वाटणार.

आधी गट कसे पडतात ते पाहू. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे गट असतात. बैलाचे तोंड उघडून दात मोजले की वय कळते. मालकाच्या सांगण्यावर कोणी विसंबत नाही. शर्यतगाडीला दात नसतात, म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, 'अपेंडिक्स के' नावाची नियमावली केली आहे. तिच्यात गाड्यांच्या इतिहासाचे अक्षरांनी ओळखले जाणारे कालखंड आहेत आणि प्रत्येक गाडीला एक तांत्रिक पासपोर्ट काढावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकांची रुंदी हे सारे त्या काळात होते तसेच आहे की नाही, हे त्यात नोंदलेले असते. दाखल्याशिवाय आपल्या लोकांचे जसे इथल्या नगरपालिकेत पान हलत नाही, तसेच या गाड्यांचे.

या नियमावलीचे एक कौतुक मोकळेपणाने केले पाहिजे. तिच्यातल्या सीमारेषा केवळ कॅलेंडर पाहून आखलेल्या नाहीत. 'ई' हा कालखंड सर्वसाधारण गाड्यांसाठी १९६१ च्या अखेरीस संपतो, पण ग्रां प्रीच्या एकासनी गाड्यांसाठी तो वर्षभर आधी, १९६० अखेर संपतो. कारण १९६१ मध्ये ग्रां प्रीच्या इंजिनाची मर्यादा अडीच लिटरवरून दीड लिटरवर आली आणि गाडीची जातच बदलली. झांडफोर्टनेही हे बदल डोळ्यांनी पाहिले आहेत. १९५९ साली इथे यो बोनियेने जिंकलेल्या बीआरएमचे इंजिन चालकाच्या पुढे होते. १९६० साली जॅक ब्रॅबमने जिंकलेल्या कूपरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. एका वर्षात घोडा गाडीमागे गेला! १९६१ मध्ये दीड लिटरच्या गाड्यांना 'दुबळ्या' म्हणून नाके मुरडली गेली, पण त्या वर्षी झांडफोर्टला सुटलेल्या पंधराच्या पंधरा गाड्या शर्यत पूर्ण करून आल्या आणि एकही दुरुस्तीसाठी थांबली नाही. १९६६ पूर्वीच्या ग्रां प्री गाड्यांचा गट जेव्हा इथे धावतो, तेव्हा या सगळ्या गोष्टी प्रेक्षकाला शेजारी-शेजारी दिसतात. इंग्लंडमधली १९७९ ची 'हिस्टॉरिक ग्रां प्री कार्स असोसिएशन' ही संस्था या गाड्यांचा गट सांभाळते. पत्रिकेतले हे पान उत्तम आहे.

याच पानाला डच माणसाचीही एक आठवण जोडलेली आहे. कारेल गोदँ द बोफोर हा धिप्पाड सरदारपुत्र आपल्या नारिंगी पोर्शे ७१८ मध्ये कसाबसा मावत असे. १९६२ साली त्याने झांडफोर्टला सहावा क्रमांक मिळवला आणि जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारा तो पहिला डच चालक ठरला. दोनच वर्षांनी नुर्बुर्गरिंगला सरावात झालेल्या अपघातात तो गेला. आज नारिंगी रंगाचा जो उत्सव चालतो, त्याची सुरुवात अशा एका जुन्या, चार सिलिंडरच्या गाडीतून झाली, हे मुलांना सांगायला हवे.

आता तक्रारीकडे वळू. गर्दी सर्वात जास्त जमते ती १९६६ ते १९८५ या तीन लिटरच्या काळातल्या फॉर्म्युला वनसाठी. त्यात काही गैर नाही. जून १९६७ मध्ये याच झांडफोर्टला जिम क्लार्कने लोटस ४९ ही नवी गाडी आणि कॉसवर्थचे नवे डीएफव्ही इंजिन पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवले. त्या इंजिनाने पुढे १५५ ग्रां प्री जिंकल्या. ऐतिहासिक शर्यतींच्या या गटात बहुसंख्य गाड्यांत तेच इंजिन असते, कारण ते मिळते, दुरुस्त होते आणि एखाद्या हौशी मालकाला त्यातल्या त्यात परवडते.

पण घोडे इथेच पेंड खाते. या गटात टर्बो इंजिनाला जागा नाही. आणि झांडफोर्टच्या शेवटच्या पाच ग्रां प्री कोणी जिंकल्या? १९८१ ला प्रॉस्टच्या रेनोने, १९८२ ला पिरोनीच्या फेरारीने, १९८३ ला आर्नूच्या फेरारीने, १९८४ ला प्रॉस्टच्या मॅक्लारेनने आणि १९८५ ला निकी लाउडाच्या मॅक्लारेनने. पाचही गाड्या टर्बो. म्हणजे पाटीवर '१९८५ पर्यंत' असे लिहिलेले असते, पण या जागेवर १९८० नंतर जिंकलेली एकही गाडी त्या गटात बसत नाही. ज्यांनी डीएफव्हीची सद्दी संपवली तेच नेमके गैरहजर आणि हरलेले मात्र हजर. एखाद्या मराठी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाने 'आजपर्यंतची वाटचाल' असे नाव द्यावे आणि शेवटची काही दशके वगळावीत, तसे हे झाले.

कारणे मला समजतात. टर्बो इंजिने नाजूक, त्यांची त्या काळची इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे कारागीर थोडे आणि खर्च अवाच्या सवा. शिवाय कमी-जास्त दाबाच्या टर्बोशी साध्या इंजिनाची लढत बरोबरीची होणार नाही. शर्यतीसाठी हे सारे पटते. पण मग त्या गाड्यांचे दोन फेऱ्यांचे प्रदर्शन ठेवावे, ध्वनिक्षेपकावरून कोण होते आणि कोण नाही हे सांगावे. न सांगता वगळणे ही माझी तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक मुळाशी जाते. मेळावा भरवणारे खरे तर गाड्या निवडतच नाहीत, ते संस्था आणि मालिका निवडतात. एक संघटना आपल्या तीस गाड्यांचा तयार गट घेऊन येते, दुसरी स्पर्धागाड्यांचा, तिसरी जुन्या टूरिंग आणि जीटी गाड्यांचा. ट्रॅकचा वेळ मोजका असतो, तो या तयार गटांत वाटला जातो. व्यवस्था सोयीची आहे, आर्थिक जोखीमही कमी. पण तिचा परिणाम असा की, ज्या गाडीला तिच्यासारख्या आणखी पंचवीस सोबतिणी नाहीत, तिला घर नाही.

याचे सर्वात बोलके उदाहरण आइंडहोवनच्या डॅफचे. १९५८ साली डॅफने व्हेरिओमॅटिक आणले: पट्टा आणि कप्प्यांवर चालणारे, गिअर बदलावाच न लागणारे यंत्र. लोक त्याला म्हाताऱ्यांची गाडी म्हणून हसत. तेव्हा डॅफने हेच यंत्र फॉर्म्युला ३ च्या शर्यतगाडीत बसवले आणि पुढे ल माँ दोनदा जिंकलेला खैस फान लेनेप ती चालवत असे. आज असंख्य स्कूटर आणि मोटारींत पट्ट्याचे असेच यंत्र असते. नेदरलँडने मोटार-शर्यतीला दिलेली स्वतःची अशी कल्पना कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन. पण ही गाडी कोणत्या तयार गटात बसवणार?

डॅफशी आपलाही एक धागा आहे. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमध्ये डॅफ ५५ गाड्या धावल्या होत्या. त्या शर्यतीचा पहिला टप्पा युरोप, इराण, अफगाणिस्तान करत मुंबईला संपला आणि तिथून गाड्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यातली एक डॅफ चालवणारा रॉब स्लोटेमाकर हा झांडफोर्टचाच; घसरती गाडी सावरायला शिकवणारी शाळा त्याने इथे काढली होती. १९७९ मध्ये याच ट्रॅकवर त्याला मृत्यू आला आणि इथल्या एका वळणाला त्याचे नाव आहे. त्या वळणावरून दर वर्षी फेरारी आणि लोटस जातात. मुंबईपर्यंत जाऊन आलेल्या त्या छोट्या गाडीच्या जातीलाही एकदा तिथून मानाने जाऊ द्यावे, असे वाटते.

तिसरा मुद्दा खरेपणाचा. वर सांगितलेला पासपोर्ट गाडीची घडण त्या काळाप्रमाणे आहे एवढेच सांगतो. ही तीच गाडी आहे, असे तो सांगत नाही आणि एफआयएचाही तसा दावा नाही. त्यामुळे नव्याने बांधलेली, पण जुन्या मापाबरहुकूम असलेली गाडी रांगेत उभी राहू शकते. माझा तिला विरोध नाही. लाखमोलाची मूळ गाडी भिंतीवर आदळावी असे कोणाला वाटेल? पण मूळ कोणती, पुनर्बांधणी कोणती, हे प्रेक्षकाच्या पत्रिकेत नावापुढे छापायला काय हरकत आहे? जुन्या वाड्याची हुबेहूब प्रतिकृतीही सुंदर असते, फक्त तिच्यावर बांधकामाचे खरे वर्ष लिहावे.

मग एखादा म्हणेल की, ट्रॅकच तरी मूळचा कुठे आहे? बरोबर आहे. १९४८ चा ट्रॅक १९८९ मध्ये दक्षिणेकडची जमीन गेल्यावर अडीच किलोमीटरवर आला, नंतर पुन्हा वाढला आणि ग्रां प्री परत आणताना हुगेनहोल्ट्स वळण आणि शेवटचे वळण तिरके उचलले गेले. टारझन वळणापासून स्कायफ्लाकपर्यंतचा तुकडा तेवढा जुन्याच्या वाटेने जातो. म्हणूनच गाड्यांची निवड अधिक जबाबदारीची ठरते. जमीन बदलली असेल, तर निदान तिच्यावर काय घडले ते तरी नीट सांगावे.

आवाजाचाही प्रश्न आहे. गावाला लागून असलेल्या या ट्रॅकवर मोठ्या आवाजाच्या गाड्यांना वर्षातले मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे असा दिवस हाती आला की आयोजक तो मोठ्या आवाजानेच भरणार. अलीकडे १९९५ नंतरच्या सहनशक्ती-शर्यतींच्या गाड्याही 'ऐतिहासिक' म्हणून धावू लागल्या आहेत. त्यांना माझा सरसकट आक्षेप नाही, वय प्रत्येकालाच येते. पण जिचे दात अजून पुरते आलेले नाहीत, तिच्यासाठी चौशाची जागा काढू नये.

आणि एक गोष्ट पत्रिकेत कधीच गट म्हणून येऊ शकत नाही. २९ जुलै १९७३ रोजी इथे रॉजर विल्यमसनची मार्च गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली स्वतःची शर्यत सोडून धावला आणि एकट्याने ती गाडी सरळ करायची धडपड करत राहिला. जवळच्या कर्मचाऱ्यांकडे आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते. शर्यत चालू राहिली. विल्यमसन वाचला नाही. त्या काळातल्या गाड्या आज रंगरंगोटी करून धावतात तेव्हा त्यांचा आवाज अंगावर रोमांच आणतो, हे खरेच. त्या दिवशीच्या कार्यक्रमात एक मिनिट या दोघांसाठी असावे. नाहीतर आपण इतिहासाचे फक्त संगीत ऐकून परत येतो.

माझी मागणी फार मोठी नाही. गट ठरवताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. या जातीच्या गाडीने झांडफोर्टला काही घडवले का? तिच्या बरोबरीच्या गाड्यांशी तिची लढत सरळ होईल का? ती जे असल्याचे सांगते, तेच आहे का? पहिल्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर शर्यत नको, प्रदर्शन ठेवा. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर तसे छापा. किती आवाज होतो आणि कोणती संघटना तीस गाड्या आणते, हे प्रश्न त्यानंतरचे.

हॉलंडमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना झांडफोर्ट म्हणजे समुद्रकिनारा आणि फेरस्टाप्पन, इतकेच माहीत आहे. त्यांना घेऊन या मेळाव्याला जरूर जा. हार्लेमवरून आगगाडीने हाकेच्या अंतरावर आहे. पत्रिका हातात पडली की त्यांच्यासोबत ती नीट वाचा, आणि तिच्यात काय आहे याबरोबरच काय नाही, तेही त्यांना विचारा.