रॉटरडॅम करार आणि कापसाचे शेत : एक चिकित्सा

१९९८ मध्ये स्वीकारलेला व २००४ पासून अंमलात आलेला रॉटरडॅम करार घातक रसायनांविषयीचे इशारे सरकारा-सरकारांत पोहोचवतो. भारत २००५ मध्ये त्यात सामील झाला. मात्र, हा इशारा शेतापर्यंत नेण्याची जबाबदारी प्रत्येक देशावरच राहते, ही कराराची मूलभूत मर्यादा होय. मोनोक्रोटोफॉस कराराच्या यादीत असूनही २००५ मध्ये भारतात त्यावर बंदी आली ती केवळ भाजीपाल्यापुरती; कापसावरील फवारणी चालूच राहिली. २०१७ मध्ये वर्ध्यालगतच्या यवतमाळ जिल्ह्यात विविध कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तात्पर्य, माहितीची देवाणघेवाण म्हणजे संरक्षण नव्हे. डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ कृषी केंद्रातच मजुराला समजेल, तेव्हाच इशारा पोहोचला असे म्हणता येईल.